पुन्हा एकदा मोज

गोळ्या पाच-पाचने मोजायच्या असतात, हे मला पाचाच्या पाढ्याआधी ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी बाबा मला काउंटरच्या मागे एका उंच स्टुलावर बसवायचे. समोर मोजणीचा ट्रे. त्यावर पांढऱ्या गोळ्यांचा ढीग ओतायचा आणि स्पॅच्युलाच्या टोकाने पाच-पाच गोळ्या बाजूला सरकवायच्या. पाच, दहा, पंधरा, वीस. हात लावायचा नाही. मधेच कुणी हाक मारली तर झालेलं सोडून पहिल्यापासून सुरुवात.

"पंधरापर्यंत झालं होतं की," मी एकदा म्हणाले.

"झालं होतं असं वाटतंय," असं म्हणत बाबांनी सगळ्या गोळ्या परत ढिगात ढकलल्या. "पुन्हा एकदा मोज."

बाबा फार्मासिस्ट होते. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी काउंटरच्या त्या बाजूला उभं राहून काढला, आणि उभं राहून म्हणजे अक्षरशः उभं राहून. संध्याकाळी घरी आले की आधी पाय वर करून भिंतीला टेकवायचे आणि मगच बोलायला लागायचे. त्यांच्या कपड्यांना एक वास असायचा. स्पिरिट, थोडा कापूर, आणि बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर येतो तो कुबट वास. आम्हा भावंडांना तो बाबांचाच वास वाटायचा. पुढे कुठल्याशा अनोळखी औषधाच्या दुकानात तोच वास आला तेव्हा मला क्षणभर रागच आला होता.

औषधाचं लेबल तीनदा वाचायचं, हा त्यांच्या धंद्यातला जुना नियम. फळीवरून बाटली काढताना एकदा, मोजण्याआधी एकदा, आणि बाटली जागेवर ठेवताना एकदा. शिकताना हा नियम सगळेच घोकतात. पाचव्या वर्षी निम्मे विसरतात. बाबा विसरले नाहीत ते नाहीतच, वर हा नियम घरीही घेऊन आले. परीक्षेला निघाले की माझं हॉल तिकीट तीनदा बघायचे. पत्र पेटीत टाकण्याआधी पत्ता तीनदा. दाराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. आई म्हणायची, "यांचा कुलपावर विश्वास नाही, किल्लीवरही नाही." एकोणिसाव्या वर्षी मी चिडून म्हणाले होते, "बाबा, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही." ते बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "माझा माझ्यावरही नाही." मला तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं होतं.

ते शिकले तेव्हा बरीचशी औषधं हातानेच बनवायची असत. मलम काचेच्या पाटीवर घोटायचं, पुड्या खलात मिसळायच्या. पुढे सगळंच कारखान्यातून तयार यायला लागलं, तरी खल त्यांनी टाकला नाही. एका रविवारी त्यांनी मला खडूची भुकटी करायला लावली. लाल खडूची चिमूटभर, पांढऱ्याची मूठभर. "आता एकत्र कर." मी सगळं एकदम खलात टाकून घोटलं. दहा मिनिटं घोटूनही लाल रेघा काही जाईनात. मग त्यांनी करून दाखवलं. लाल चिमटीत तेवढीच पांढरी चिमूट घालायची आणि एकसारखा गुलाबी रंग येईपर्यंत घोटायचं. आता जेवढं झालं तेवढंच पुन्हा पांढरं. मग त्याच्या दुप्पट. शेवटी खलभर भुकटी इतकी फिकट आणि सारखी झाली की लाल खडू गेला कुठे हे कळेना. "जहाल औषध असंच मिसळायचं," ते म्हणाले. "नाहीतर एका पुडीत सगळं जातं आणि दुसरीत काहीच नाही. दोघंही पेशंट मरतात, एक औषधाने आणि एक औषधाविना." सहावीतल्या मुलीला सांगायची ही गोष्ट आहे का, असं आईने आतून विचारलं.

गोष्टी त्यांना अशाच सांगता यायच्या. राजाराणी त्यांना जमत नसत, पण कार्ल शील छान जमायचा. स्वीडनमधला हा औषध बनवणारा माणूस, छोट्याशा गावात फार्मसी चालवत होता आणि त्याने इंग्लंडमधल्या प्रीस्टली या शास्त्रज्ञाच्या आधी प्राणवायू वेगळा केला होता. पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडलं आणि तोवर प्रीस्टली आपला शोध जाहीर करून मोकळा झाला होता. इथे बाबा हळहळायचे. नवीन काही हाती लागलं की शील ते चाखून बघायचा, अगदी विषारी असलं तरी. १७८६ साली ४३व्या वर्षी तो गेला. "चाखणं सोडलं तर माणूस पक्का," हा बाबांचा निकाल. मॉर्फीन अफूपासून पहिल्यांदा वेगळं करणारा झेर्ट्युर्नरही फार्मसीतला मदतनीसच होता, हे ते आवर्जून सांगायचे. १८०४-०५च्या सुमाराचं हे काम, वय विशी-एकविशीचं. आमच्या घरी शास्त्रज्ञ म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नसताना मागच्या खोलीत काहीतरी उकळत बसणारा माणूस.

त्यांच्या खणात एका बाईंचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. आईने त्यावरून त्यांना किती वर्षं चिडवलं असेल! त्या बाई म्हणजे फ्रान्सिस केल्सी. १९६० साली त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि सुरुवातीलाच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते आधीच विकलं जात होतं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं जात होतं. मंजुरी म्हणजे नुसती औपचारिकता. केल्सीबाईंनी आणखी पुरावे मागितले. पुरावे आले, ते पुरेसे नाहीत म्हणून पुन्हा मागितले. कंपनीकडून तगादा, वरिष्ठांकडे तक्रारी, बाई ढिम्म. १९६१च्या नोव्हेंबरात जर्मनीत ते औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. त्या औषधापायी जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांत आणि इतरत्र व्यंग घेऊन जन्मली.

"तिने काही शोधलं नाही," बाबा म्हणायचे. "फक्त सही केली नाही."

याच बाईंनी विद्यार्थिदशेत, १९३७ साली, आणखी एका भयंकर प्रकरणाच्या तपासात हातभार लावला होता हे बाबांना फार नंतर कळलं, आणि त्या दिवशी ते रात्री जेवताना उठून फोटो घेऊन आले होते. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं चांगलं औषध. मुलांना गोळी गिळता येत नाही म्हणून कुणीतरी ते पातळ करायचं ठरवलं आणि डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चव बघितली, वास बघितला, रंग बघितला. विषारी आहे का ते बघितलं नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. आणि कायद्यात त्या वेळी तशी चाचणी करायची सक्तीच नव्हती. औषध जप्त करता आलं ते एवढ्याच मुद्द्यावर, की बाटलीवर 'एलिक्सिर' लिहिलं होतं आणि एलिक्सिर म्हणायचं तर आत अल्कोहोल हवं. लेबल चूक, म्हणून जप्ती. नवा कायदा पुढच्या वर्षी, १९३८ साली झाला. बाबांना या 'लेबल चूक'ची गंमतही वाटायची आणि धसकाही बसायचा.

एरवी ते वाद घालणारे नव्हते. डॉक्टरांशी तर नाहीच. पण एकदा मी काउंटरमागे असताना एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. बोटांची पेरं सुजलेली, पर्सची चेन उघडतानाही त्रास होत होता. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, रोज एक. बाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग त्यांना खुर्ची देऊन म्हणाले, "पाच मिनिटं बसा, आतून आणावं लागेल." आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. तेच रोज घेतलं तर रक्तपेशी तयार व्हायच्या थांबतात, जीव जाऊ शकतो. फोनवर पलीकडून आवाज चढलेला मला स्टुलावरून ऐकू येत होता. बाबा दर वाक्यानंतर "हो डॉक्टर" म्हणत होते आणि मुद्दा सोडत नव्हते. शेवटी पलीकडे काही क्षण शांतता झाली. बाबांनी "आभारी आहे" म्हणून फोन ठेवला, बाहेर येऊन पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फक्त सोमवारी. 'फक्त'खाली दोन रेघा.

"कधी घ्यायची, सांगा बरं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"आणि मंगळवारी?"

"नाही घ्यायची," बाई हसल्या. त्या हसतच गेल्या. चिठ्ठीत काय होतं हे त्यांना कळलंच नाही. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगितलं का नाही? "कशाला? डॉक्टरवरचा विश्वास उडाला तर ही गोळी सोमवारीही घेणार नाहीत त्या." आज मला वाटतं, सांगायला हवं होतं. या एका मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने वैद्य आणि औषध बनवणारा हे दोन धंदे कायद्याने वेगळे केले, ही बाबांची आणखी एक लाडकी गोष्ट. मूळ भानगड पैशाची होती. वैद्याने औषधवाल्याशी भागीदारी करू नये एवढंच सम्राटाला हवं होतं. पण बाबा त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावायचे: एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते खरं आहे का बघायचं.

दुसऱ्याचं बघायला दुसरा. पण त्या दुसऱ्याचं कोण बघणार?

मी अकरा वर्षांची असतानाची ती रात्र. दुकान बंद करण्याआधी बाबा काही ठरावीक बाटल्यांमधल्या गोळ्या मोजून रजिस्टरशी ताळा करायचे. त्या रात्री एका बाटलीत दहा कमी निघाल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. मग शेजारची बाटली उघडली. तिच्यात दहा जास्त. पहिलीवर हायड्रालाझीन, दुसरीवर हायड्रॉक्सिझीन. पहिली रक्तदाबावर, दुसरी खाजेवर. दुपारी खाजेची चिठ्ठी घेऊन आलेल्या एका गृहस्थांना बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'झोपताना एक'.

साडेनऊ वाजले होते. रजिस्टरमध्ये पत्ता होता. शटर ओढून घेऊन बाबा निघाले, मला हाताला धरून, आणि कुलूप त्यांनी ओढून बघितलं नाही. ही एकच वेळ. मी अर्धी धावत होते. त्या घराचं दार उघडलं तेव्हा आतल्या टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास आणि ते पाकीट शेजारी-शेजारी होतं. न उघडलेलं.

"मी तुम्हाला चुकीच्या गोळ्या दिल्या," बाबा दारातूनच म्हणाले. "चूक माझी आहे." कंपनीकडून बदलून आल्यात, जुना साठा होता, असलं काहीही म्हणता आलं असतं. त्या गृहस्थांनी हसण्यावारी नेलं, आत बोलावलं. बाबा आत गेले नाहीत. गोळ्या बदलल्या, नव्या पाकिटावरचं नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि निघालो. परत येताना एका पायरीवर ते बसले. त्यांचे हात थरथरत होते, आणि ते मला दिसू नयेत म्हणून त्यांनी ते काखेत धरले होते.

दुसऱ्या दिवशी त्या दोन बाटल्या फळीच्या दोन टोकांना गेल्या. पुढे २००१ साली अमेरिकेत अशा सारख्या नावांमधली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापायची पद्धत सरकारी पातळीवर सुरू झाली, तेव्हा बाबांना ते वाचून केवढा आनंद झाला. मग लगेच लक्षात आलं की देवनागरीत मोठी लिपी कुठून आणणार! आपल्याकडे एकच 'झ'. त्यांनी आपला लाल शाईने अक्षराखाली रेघ मारायचा जुना उपाय चालू ठेवला.

घरातली त्यांची माया अशीच, मोजून-मापून. आईला दम्याचा त्रास होता. इनहेलर नवा होता तेव्हा तिला ते तंत्र जमायचं नाही. औषध घशातच अडकायचं. बाबा समोर उभे राहायचे. हलव. श्वास सोड, सगळा. आता ओठ घट्ट. दाब आणि ओढ, सावकाश. आणि थांब. मग बाबा मोजायचे, एक ते दहा. आई डोळे मिटून श्वास धरून उभी. दहाला ते हाताने खूण करायचे. महिन्याभरात आईला सगळं जमायला लागलं, तरी मोजणं थांबलं नाही. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, हे दोघं एकमेकांसमोर उभे राहायचे. भांडण चालू असलं तरी. विशेषतः भांडण चालू असताना. बाबा तेव्हा जरा सावकाश मोजायचे, असं माझ्या भावाचं म्हणणं आहे. त्या दोघांनी एकमेकांना प्रेमाचं काही म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही. हे आकडे मात्र ऐकले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागले आणि वॉरफरीन सुरू झालं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव; त्यामुळे सारखी रक्ततपासणी, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. बाबांना या औषधाचा सगळा इतिहास पाठ होता आणि तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावा लागायचा. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेतली गुरं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन रक्त वाहून मरायला लागली. १९३३ साली एक शेतकरी बर्फाच्या वादळात न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन विस्कॉन्सिनमधल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्यातून पुढे आलेलं वॉरफरीन आधी १९४८ साली उंदीर मारायला विकलं गेलं, आणि १९५४मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं. "राष्ट्राध्यक्ष, उंदीर आणि मी," असं म्हणून बाबा गोळी तोंडात टाकायचे.

हळूहळू नजर गेली, मग थोडं थोडं भान. गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी तळहातावरची गोळी डोळ्यांजवळ नेली, दिसली नाही. "नाव वाच." मी वाचलं. "मिलीग्रॅम?" वाचले. "तारीख?" एक्स्पायरी वाचली. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं, आणि खरं सांगायचं तर थोडी वैतागूनच. बाटली उघडली की लेबलवर त्या दिवशीची तारीख लिहायची, हेही त्यांनी लावलेलं वळण. मी लिहीत गेले.

मग एका संध्याकाळी त्यांनी काहीच विचारलं नाही. हात पुढे केला, गोळी घेतली, पाणी प्यायले. मी नाव सांगायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. बाहेरच्या खोलीत येऊन मी लेबल मोठ्याने वाचलं. तीनदा. पुढे रोज वाचायचे, अशी माझी समजूत आहे.

ते गेले २२ तारखेला पहाटे, झोपेत. वय ८१.

आठवडाभराने मी त्यांची औषधं आवरायला बसले. उरलेली औषधं सिंकमध्ये ओतायची नाहीत, कचऱ्यात तशीच टाकायची नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. वॉरफरीनच्या बाटलीवर माझ्या अक्षरात ३ तारीख. तीस गोळ्यांची बाटली, रोज संध्याकाळी एक, शेवटची २१ला. म्हणजे एकोणीस संपल्या, अकरा उरायला हव्यात. ट्रे कपाटात होता. मी गोळ्या ओतल्या, स्पॅच्युला घेतला.

पाच. पाच. दोन.

सगळ्या ढिगात ढकलून पुन्हा मोजलं. बारा.

एका गोळीने काही झालेलं नाही, हे मला कळतं. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायचा नसतो, हे बाबांनी हजारो लोकांना सांगितलेलं. त्यांच्याच खणात, केल्सीबाईंच्या फोटोखाली, एक पातळ वही निघाली. तीन रकाने: तारीख, काय झालं, का झालं. इतक्या वर्षांत सतरा नोंदी. त्या रात्रीची नोंदही होती: 'हायड्रॉक्सिझीनऐवजी हायड्रालाझीन. फळीवर शेजारी होत्या. मधे हाक आली. ठेवताना वाचलं नाही.' बाकी पानं कोरी.

आत आई इनहेलर घेत होती. दाबल्याचा आवाज आला, मग शांतता. मी नकळत मोजत होते. सातला तिने श्वास सोडला.

मी पेन घेऊन अठराव्या ओळीवर लिहिलं: वॉरफरीन, एक गोळी द्यायची राहिली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, वाचलं नाही. मग पहिल्या रकान्याशी येऊन थांबले. ३ ते २१. यातली कुठली संध्याकाळ ते आठवून बघितलं, एकेक दिवस मागे जात. भावाचा फोन आला होता तो दिवस, दिवे गेले होते तो, आईला ताप होता तो. तारखेचा रकाना मोकळाच सोडला.